एलिमिनेशन डाएट, ऑटोइम्यून दुखणी आणि आपलं कोकणी ताट

उकडापेज

व्हॉट्सॅपवर एक यादी फिरते आहे. आमवात, हाशिमोटो (थायरॉइडचं दुखणं), सोरायसिस असं काही ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याचं, दुखणं असेल तर सहा आठवडे हे बंद करा: सगळी धान्यं, सगळी कडधान्यं, दूध, अंडी, सुकामेवा, बिया, बटाटा-टोमॅटो-वांगी-मिरची, कॉफी, दारू. मग खायचं काय? तर अ‍ॅव्होकाडो, केल आणि हाडांचं सूप. यादी करणाऱ्याने राजापूरचा बाजार पाहिलेला नाही हे उघड आहे.

पण पदार्थ बंद करून, मग एकेक परत आणून त्रास कशाने होतो ते शोधायची पद्धत जुनी आहे आणि तिला अर्थ आहे. म्हणून धागा. प्रश्न असे:

१. भात, मासे, नारळ ठेवून हे नीट करता येतं का?
२. किती दिवस बंद, आणि परत आणायचं कसं? प्रमाणासकट सांगा.
३. आपल्याकडे फसगत नेमकी कुठे होते?

'माझ्या मावशीला फरक पडला' छाप प्रतिसाद नकोत. पद्धत हवी.

सुका_जवळा

भात बंद? मगे माणूस खातलो काय, वाळू?

काचेची_बरणी

जवळाभाऊ हसण्यावारी नेतायत, पण मुद्दा तोच आहे. ती यादी 'ऑटोइम्यून प्रोटोकॉल' म्हणून ओळखली जाते. आपल्या ताटातून धान्य, डाळ, दूध, अंडं एकदम काढलं तर निम्म्याहून जास्त उष्मांक जातात. दोन-तीन आठवड्यांत वजन उतरतं, थकवा येतो, आणि तो थकवा आजाराचा की उपासमारीचा हे कळेनासं होतं. म्हणजे ज्यासाठी केलं तेच बिघडलं.

मुळात एलिमिनेशन म्हणजे कमीत कमी संशयित काढणं. तांदूळ हा जगभर या आहारांत 'ठेवण्याचा' पदार्थ मानला जातो, कारण त्याने त्रास होणारे लोक फार थोडे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, भाताला हात लावू नका.

एका प्रौढ माणसाचं चार आठवड्यांचं मूळ ताट असं बसतं:
उकडा किंवा सुरय (न उकडलेला) तांदूळ दिवसाला २०० ते २५० ग्रॅम कच्चा, म्हणजे पेज, भात, भाकरी, घावणे सगळं धरून. ताजा मासा २०० ग्रॅम. ओलं खोबरं पाव ते अर्धा नारळ. दुधी, पडवळ, शिराळं, भोपळा, लाल माठ, सुरण, रताळं. केळी, पपई. कोकम, हळद, आलं, मीठ, खोबरेल.
तांदळातून १५-२० ग्रॅम आणि माशातून ३८-४० ग्रॅम प्रथिनं मिळतात. सत्तर किलोच्या माणसालाही पुरतात.

काढायचं: गहू (रवा, मैदा, शेवया, पाव धरून), दूध आणि दुधाचे पदार्थ, अंडं, कोळंबी-तिसऱ्या-कुर्ल्या, शेंगदाणे-काजू, सोयाबीन. बस, सहा गोष्टी. मिरची-टोमॅटो-वांगं-बटाटा या गटावर संशय असेल तर सातवा गट तो. त्याचा पुरावा तुटपुंजा आहे, पण परत आणून तपासायला सोपा आहे म्हणून चालेल.

रातांबा

ताईंशी सहमत, पण ताटाआधी एक पायरी राहिली. गहू बंद करण्याआधी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करा. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, तो हा आजार. टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची तपासणी आणि सोबत एकूण आयजीए. एकूण आयजीए कमी असलेल्या माणसात पहिली तपासणी खोटी 'नॉर्मल' येते, म्हणून दोन्ही एकत्रच करायच्या. हाशिमोटो आणि टाइप-१ मधुमेहवाल्यांत सिलिअ‍ॅक जास्त आढळतो, त्यांनी तर चुकवूच नये.

गहू सोडल्यावर ही प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि निदान निसटतं. ब्रिटनची मार्गदर्शक सूचना म्हणते, तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लूटेन हवं.

इथेच कोकणची अडचण. दोन्ही वेळा भात, सकाळी घावणे किंवा आंबोळी, गहू आठवड्यात एकदा सणाच्या पुरीपुरता. अशा माणसाची तपासणी नॉर्मल आली तर तिच्यावर किती विसंबायचं? आधी सहा आठवडे रोज दोन चपात्या खाऊन मग रक्त द्यावं. मध्यम चपाती, म्हणजे ३० ग्रॅम कणीक, यात ढोबळमानाने अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. ज्यांनी गहू आधीच सोडलाय आणि परत खाल्ला की हालत होते, त्यांच्यासाठी एचएलए डीक्यू-२ / डीक्यू-८ ही जनुकीय तपासणी आहे. ती नकारात्मक आली तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद. तिला खाल्ल्या-न खाल्ल्याचा फरक पडत नाही.

आणि सिलिअ‍ॅक निघाला तर हा धागा तुमच्यासाठी नाही. तिथे 'परत आणून बघणं' नाही. गहू, जव, राय जन्मभर बंद.

गोळी_सकाळची

औषधांच्या बाजूने, कारण खरी फसगत तिथे होते.

मेथोट्रेक्सेट (आमवात-सोरायसिसचं औषध) आठवड्यातून एकदाच असतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ, मरगळ येते. गोळी रविवारी आणि नवा पदार्थ सोमवारी असं केलंत तर गोळीचं खापर चपातीवर फुटेल. रविवारवाल्यांनी नवा पदार्थ बुधवारी सुरू करावा. फॉलिक अ‍ॅसिड 'ही काय, व्हिटॅमिनची गोळी' म्हणून बंद करू नये.

स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते मनाने थांबवणं धोक्याचं. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तेवढ्यात सुरू होत नाही, माणूस कोसळू शकतो.

थायरॉक्सिन उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. दूध बंद म्हणून कॅल्शियमची गोळी सुरू केलीत तर दोहोंत चार तासांचं अंतर. नाहीतर टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे दाखवणारा आकडा) वर जातो आणि दोष आहाराला.

वेदनाशामक घेतलंत तर वहीत लिहा: कोणतं, किती वाजता. 'आज सांधे छान' आणि खाली बारीक अक्षरात 'सकाळी डायक्लोफेनॅक', अशा नोंदीला किंमत नाही.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय खाणं अजिबात बदलू नये, साखर अचानक उतरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, खाण्याशी आधीच वैर असलेली माणसं, यांनी हे घरच्या घरी करूच नये.

आठीळ

शाकाहारी घराचं काय? बरणीताईंच्या ताटातून मासा काढला की उरतो भात आणि दुधी.

काचेची_बरणी

@आठीळ, शाकाहारी माणसाने दूध आणि डाळी एकाच फेरीत काढायच्या नाहीत. पहिली फेरी: दूध ठेवा, गहू-सोया-शेंगदाणे-काजू काढा. दुसरी फेरी: दूध काढा, डाळी-कुळीथ ठेवा.
हिशेब: तांदूळ २५० ग्रॅममधून सुमारे २०, मूगडाळ ८० ग्रॅममधून १९, दही ३०० ग्रॅममधून ९-१०. एकूण ४८-४९. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या ०.८३ ग्रॅम दर किलोच्या मापाने ५५-५८ किलोच्या माणसाला जेमतेम. दूध काढलंत की ते दहा ग्रॅम कुळीथ, चवळी किंवा वालाच्या बिरड्यातून भरा. ४०-४५ ग्रॅम सुकं कडधान्य वाढवलं की जमतं.

कॅल्शियमला नाचणी. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम, म्हणजे दोन भाकऱ्यांत दिवसाच्या हजारातला एक तृतीयांश. मोड आणून, वाळवून, सत्व केलंत तर फायटेट, म्हणजे कॅल्शियम अडवणारा घटक, कमी होतं. मासे खाणाऱ्यांनी छोटी तारली काट्यासकट खावी. बी-१२ आणि डी सुरुवातीला मोजून घ्या, सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी आणि ईएसआर (दाह दाखवणारे आकडे). शेवटी तुलनेला काहीतरी हवं ना.

पाटा_वरवंटा

तिसरा प्रश्न माझा. लपलेला गहू कुठे असतो, वाचा आणि रडा:

हिंग. बाजारातला बांधणीचा हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व पीठ, बहुतेक मैदा किंवा कणीक. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तांदळाचं पीठ घातलेलाही मिळतो. नाहीतर सहा आठवडे तिरफळ आणि आलं.

तळलेला मासा. हॉटेलात सुरमई रव्यात घोळवतात. रवा म्हणजे गहू. 'तांदळाच्या पिठात करा' सांगितलंत तरी कढई आणि तेल तेच.

गिरण. आपलं तांदळाचं पीठ शेजाऱ्याच्या गव्हानंतर निघालं तर पहिल्या शेर-दोन शेरात त्याचाच गहू. गिरणवाल्याला सकाळी पहिल्या पाळीला सांगा, आधी आपलाच किलोभर तांदूळ दळून तो बाजूला ठेवा, घरच्या इतरांना चालतो. घरघंटी असेल तर प्रश्नच नाही. पिशवीवर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर आपल्याकडे किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, गिरणीच्या पिठाला असला कसला हिशेब नाही.

वड्यांचं पीठ. कोंबडी-वड्याच्या पिठात तांदूळ, उडीद असतातच, पण गहू घालणारी घरं पुष्कळ. विचारल्याशिवाय खाऊ नका.

उकडीचे मोदक, पातोळे, खांडवी, शिरवाळे हे सगळं तांदळाचं. प्रसादाचा शिरा मात्र रवा, आणि 'एवढासा प्रसाद काय करतो' म्हणणारी काकू प्रत्येक घरात असते.

दूध कुठे लपतं? चहात! 'दूध बंद केलंय' म्हणणारा दिवसाला चार कप चहा पितो, म्हणजे २०० मिली दूध.

सुका_जवळा

काकूवर वेगळो धागो काढा.

नाखवा

माशांबद्दल. ताईंनी 'ताजा' लिहिलंय, तो शब्द ठळक करा.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही. असा बांगडा खाल्ला की काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत तोंड लाल, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे, कधी जुलाब. लोक म्हणतात बांगड्याची अ‍ॅलर्जी. अ‍ॅलर्जी माशाची नाही, उन्हात राहिलेल्या टोपलीची. तोच माणूस बंदरावरचा बर्फातला बांगडा निमूट पचवतो.

म्हणून चार आठवडे पापलेट, मुडदुशी, लेपी असे पांढऱ्या मांसाचे मासे धरा. बांगडा-तारली नंतर, तीही हर्णे, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला अशा लिलावाच्या ठिकाणची, त्याच दिवशीची. दुपारनंतर गावात फिरणाऱ्या टेम्पोतली नाही.

दुसरं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या दिवसांत बाजारात बर्फातला बाहेरचा मासा किंवा सुकं. माशाची चाचणी त्यात ठेवू नका. सुकं म्हणजे मीठही आलं. स्टेरॉइड किंवा वेदनाशामकं घेणाऱ्यांचा रक्तदाब आधीच वर असू शकतो. कोकमाच्या आगळातही मीठ भरपूर, सोलकढीला आमसुलं भिजवून वापरा.

परसबाग

अळू, सुरण खाल्ल्यावर घशाला खाज येते, तेही ऑटोइम्यूनमध्ये धरायचं का?

पाटा_वरवंटा

नाही हो. ते कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक, टोचतात. चिंच-आमसूल घालून नीट शिजवलं की थांबतं. आंब्याच्या चिकाने ओठाला येणारे फोड, ओल्या काजूच्या बोंडाखालच्या बीचं तेल लागून हाताची सालं निघणं, हेही त्वचेचं भांडण. वहीत लिहा, पण यादीत धरू नका.

रातांबा

आता थोडं पुराव्याबद्दल, नाहीतर ही चमत्काराची पोथी होईल.

आमवातात नॉर्वेची चाचणी प्रसिद्ध आहे, १९९१ सालची, ५३ रुग्ण. एका गटाने ७ ते १० दिवस उपवास केला, मग एकेक पदार्थ दर दुसऱ्या दिवशी आणला. २ ते ४८ तासांत सांधे वाढले तर तो पदार्थ किमान सात दिवस बंद, मग पुन्हा. शाकाहारी आहारावर वर्षभर फायदा टिकला. पण आहार कोणता हे रुग्णांना ठाऊक होतं. म्हणजे रुग्णांपुरती तरी ती आंधळी चाचणी नव्हे.

तुमच्या त्या व्हॉट्सॅप-यादीची: आतड्याच्या दाहाच्या १५ रुग्णांवर २०१७ साली अभ्यास झाला, सहाव्या आठवड्यापर्यंत ११ जणांची लक्षणं शमली. तुलनेला गट नव्हता. हाशिमोटोच्या १७ स्त्रियांवर २०१९ साली झाला, त्यांना बरं वाटलं, पण थायरॉइडच्या कार्यात फरक नाही. म्हणजे थायरॉक्सिनची गोळी सुटते असं कोणी सांगितलं तर कानाडोळा करा.

भक्कम म्हणावं तर मुलांच्या क्रोन्ससाठी (आतड्याच्या दाहाचा आजार) ६ ते ८ आठवडे फक्त वैद्यकीय द्रवाहार, पण तो रुग्णालयाचा मामला.

आणि एक गोष्ट साफ टाळा: रक्ताचा थेंब घेऊन शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी. आयजीजी ही प्रतिपिंडं. ती सांगतात तुम्ही काय खाता, काय सोसत नाही ते नाही. कोकणातल्या माणसाच्या अहवालात तांदूळ आणि नारळ लाल रंगात आले तर नवल काय? युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच हे नाकारलंय.

उकडापेज

छान चाललंय. दुसरा प्रश्न अजून कोरा आहे हो. परत कसं आणायचं?

काचेची_बरणी

घ्या.

वही. बंद करण्याआधी एक आठवडा नुसतं लिहा. सकाळचा आखडलेपणा मिनिटांत, सुजलेल्या सांध्यांची संख्या, वेदना ० ते १०, शौच, झोप, पाळीचा दिवस, औषध. 'बरं वाटलं' ही नोंद नव्हे. '४० मिनिटं, उजव्या हाताची दोन बोटं' ही नोंद.

बंद. चार आठवडे. काहीच हललं नाही तर सहा. सहाव्यालाही नाही, तर या पदार्थांचा तुमच्या त्रासाशी संबंध दिसत नाही, सगळं परत खा. आणखी तीन पदार्थ काढत बसू नका, त्या वाटेला शेवट नाही. वजन दर आठवड्याला, मूळ वजनाच्या पाच टक्के उतरलं की थांबा.

परत. एका वेळी एक, शुद्ध रूपात. पहिला दिवस छोटं माप, दुसरा दिवस नेहमीचं, तिसरा दिवस भरपूर. मग तीन दिवस तो पदार्थ नाही, फक्त नोंद.

गहू: अर्धी चपाती, दोन, चार. पाव नको, पावात यीस्ट, साखर, सुधारक.
दूध: आधी तूप, मग दही, मग दूध ५० मिली, २००, ४००. दह्याने काही नाही आणि दुधाने तासा-दोन तासांत पोट फुगलं तर तो दुग्धशर्करेचा प्रश्न, सांध्यांचा नाही.
अंडं: कडक उकडलेलं. आधी पिवळं, पुढच्या फेरीत पांढरं.
मिरची: मालवणी मसाल्याने सुरुवात नको, त्यात पंधरा-वीस जिन्नस. नुसती ब्याडगीची पूड, अर्धा चमचा.

आणि पाळीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत नवं काही नको.

रातांबा

एक मतभेद. पास झालेला पदार्थ लगेच ताटात ठेवायचा की सगळ्या चाचण्या संपेपर्यंत परत काढायचा? मी म्हणेन काढायचा. नाहीतर चौथ्या चाचणीला त्रास झाला तर तो चौथ्याचा की पहिल्या तिघांच्या साठलेल्या मापाचा, कळणार नाही.

काचेची_बरणी

प्रयोगशाळेत बरोबर, रातांबा. घरात आठ आठवडे त्याच दुधी-भातावर माणूस टिकत नाही. पाचव्या आठवड्यात तो सगळंच सोडून मिसळ खातो आणि सगळी मेहनत पाण्यात. पास झालेलं ठेवा. शेवटी शंका उरली तर संशयित एकटा पुन्हा तपासा.

रातांबा

मिसळीपुढे माघार. पण मग शेवटची खात्री आंधळी करा. गव्हासाठी कोकणी युक्ती: घावणे. दोन डबे, 'क' आणि 'ख'. एकात नुसतं तांदळाचं पीठ, दुसऱ्यात दोन भाग तांदूळ, एक भाग कणीक. दोन्हींत चमचाभर नाचणी घाला, रंग सारखा होतो. सोबत गूळ-खोबरं, चव झाकते. दर फेरीला घरच्याने नाणं उडवून डबा ठरवायचा आणि कागदावर लिहून लपवायचं. तीन दिवस खा, तीन दिवस थांबा, आणि 'गहू होता की नव्हता' ते वहीत लिहा. पाच फेऱ्या, महिनाभर. पाचही नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता बत्तिसात एक.

परसबाग

+१. हे भारी आहे. पण घरच्याला चेहरा सरळ ठेवता आला पाहिजे.

गोळी_सकाळची

दोन लाल दिवे राहिले. कोळंबी, तिसऱ्या, काजू, शेंगदाणे, अंडं यांपैकी कशानेही पूर्वी ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं झालं असेल, तर ते घरी परत आणायचं नाही. ती आयजीई अ‍ॅलर्जी, म्हणजे लगेच उसळणारी खरी अ‍ॅलर्जी, ऑटोइम्यूनशी संबंध नाही. बराच काळ बंद ठेवून परत खाल्ल्यावर ती अधिक जोरात येऊ शकते. ही चाचणी अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असलेल्या दवाखान्यात.
कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे माशाचीही, असं मात्र नाही. कोळंबी-कुर्ल्या-तिसऱ्यांतलं प्रथिन ट्रोपोमायोसिन, माशातलं पार्व्हअल्बुमिन. वेगळी आहेत.

दुसरा: हाशिमोटोवाल्यांनी 'शुद्ध' म्हणून साधं मीठ सोडून सैंधव धरू नये, त्यात आयोडीन घातलेलं नसतं. आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्याही नकोत. हाशिमोटोत आयोडीन कमीही नडतं, जास्तही.

आठीळ

चपातीने पोट फुगतं, कांदा-लसणानेही, आणि चवळीनेही. मग गहूच दोषी कसा?

काचेची_बरणी

नेमका प्रश्न. बहुधा नसतोच. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन नावाच्या न पचणाऱ्या साखरा असतात, चवळीत त्यांच्याच जातीची साखर. मोठ्या आतड्यात आंबतात, वायू होतो. ही इरिटेबल बॉवेलची वाट. तिच्यासाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने बसवलेला लो-फॉडमॅप, म्हणजे अशा आंबणाऱ्या साखरा कमी केलेला, आहार आहे. तोही दोन ते सहा आठवड्यांचाच, जन्माचा नाही. पोट एकीकडे आणि सांधे दुसरीकडे, वहीत दोन वेगळे रकाने करा.

सुका_जवळा

म्हणजे एकादशी करूक हरकत नाय? गहू नाय, मासो नाय.

पाटा_वरवंटा

एकादशी दुप्पट खाशी! खिचडीत शेंगदाणे, सोबत बटाटा, वर दही. यादीतल्या तीन गोष्टी एका ताटलीत. वरीचे तांदूळ आणि रताळं चालेल.

रातांबा

अवांतर नाही, वेळेबद्दल. लोक हे सुरू करतात कधी? दुखणं शिगेला असताना, म्हणजे बहुतेक भर पावसात. शिगेला पोचलेलं दुखणं काही न करताही थोडं उतरतं. सोरायसिस तर ऊन पडलं की बऱ्याच जणांचा सुधारतो. श्रावणात सुरू करून आश्विनात बरं वाटलं तर श्रेय आहाराचं की उघडिपीचं? म्हणून पुन्हा आणल्यावर वाढलं पाहिजे आणि पुन्हा काढल्यावर उतरलं पाहिजे. एकदा नाही, दोनदा. तोवर 'मला गहू चालत नाही' असं पाहुण्यांना सांगत फिरू नये.

नाखवा

श्रावणात अर्धं कोकण तसंही मासे-अंडी सोडतं. तेव्हा काय काढलं आणि काय आपोआप गेलं याचा घोळ होतो.

उकडापेज

मग सगळ्यांचं ऐकून कॅलेंडर असं बसतंय, चुकलं तर सांगा.

दिवाळी खाऊन घ्यायची, फराळात बेसन-मैदा-रवा सगळं येतं. आधीचे सहा आठवडे रोज दोन चपात्या खाऊन त्याच दिवसांत सिलिअ‍ॅकची तपासणी आणि बाकी रक्त. तुळशीचं लग्न लागलं की एक आठवडा वही. मग चार आठवडे बंद. नवा तांदूळ घरात आलेला असतो, होड्या दर्यात असतात, परसात भाजी असते, पाऊस नाही. त्यापुढे आठ चाचण्या, आठवड्याला एक: तूप-दही, दूध, गहू, अंडं पिवळं, अंडं पांढरं, शेंगदाणे, काजू, कोळंबी. एकूण तेरा आठवडे. शिमग्याच्या आत संपतं, हाताशी दोन आठवडे उरतात. त्यात मिरचीची चाचणी, किंवा सर्दी-तापात बुडालेला आठवडा. घावण्यांची आंधळी परीक्षा शिमग्यानंतर. जत्रांच्या दिवसांत डबा घरून.

काचेची_बरणी

बसतंय. तूप आणि दही एकदम नको, तूप दोन दिवसांत उरकून दह्याला पूर्ण तीन दिवस द्या. आणि सोया राहिला.

उकडापेज

सोया कोकणात खातं कोण?

काचेची_बरणी

बेकरीच्या बिस्किटात, सोयाबीन तेलात, 'मल्टिग्रेन' पिठात. पण तेलात प्रथिन नगण्य, आणि बाकी गव्हाबरोबर जातंच. बरं, खोडा.

पाटा_वरवंटा

आणि वहीच्या पहिल्या पानावर 'हिंगाची डबी बदलली का?' एवढं लिहा. चार आठवडे निष्ठेने गहू सोडून रोज आमटीला त्याच डबीतली चिमूट घालणारे लोक असतात.

सुका_जवळा

डबी बघलंय. मैदो आसा. वाटणीत काकूक दितंय.